फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा चौक : एका छायाचित्राच्या चौकटीतला इतिहास

१/
मुंबईच्या फोर्ट भागात रविवारी सकाळी फ्लोरा फाउंटनभोवती कॅमेरे आणि मोबाईल सरसावलेली माणसे हमखास दिसतात. रहदारी विरळ असते, कचेऱ्या बंद असतात आणि कारंज्याच्या माथ्यावरची दगडी देवी कोवळ्या उन्हात उजळलेली असते. तिथून काही पावलांवर मशाल उंचावलेल्या शेतकरी-कामगारांचे शिल्प आहे. कारंज्याच्या बहुतेक छायाचित्रांत ते येत नाही. आले तर कडेला अर्धे कापलेले असते. एका परदेशी पुष्पदेवतेचे कारंजे आणि मराठी हुतात्म्यांचे स्मारक एकाच चौकात का उभे आहे, हे समजून घेण्यासाठी कारंज्याच्याही आधीच्या काळात जावे लागते.

२/
अठराव्या शतकातील मुंबई ही तटबंदीच्या आतली वसाहत होती. समुद्राच्या बाजूला बंदर आणि किल्ला, तर जमिनीच्या बाजूला तट आणि खंदक. या तटाला तीन प्रमुख दरवाजे होते : दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बाजार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. १७१८ साली खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारी वाट ज्या दरवाजातून निघे, तो चर्च गेट. आज फ्लोरा फाउंटन उभे आहे, ती जागा याच दरवाजाची. दरवाजा गेला, पण नाव उरले आणि पुढे ते पश्चिमेकडच्या रेल्वे स्थानकाला मिळाले. त्यामुळे आज चर्चगेट स्थानकावर उतरणाऱ्याला तिथे दरवाजा दिसत नाही. तो जिथे होता, तिथे पोहोचायला पूर्वेकडे दहाएक मिनिटे चालावे लागते.

३/
दरवाजा म्हटला की आतले आणि बाहेरचे असा भेद आलाच. रात्री दरवाजे बंद होत. तटाबाहेर मोठे मैदान मोकळे ठेवलेले होते. शत्रू चालून आला, तर तोफांच्या माऱ्यात अडथळा येऊ नये, म्हणून त्यावर पक्की बांधकामे होऊ दिली जात नसत. या मोकळ्या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत. १८०३ साली किल्ल्याच्या आतील वस्तीला मोठी आग लागली. त्यानंतर अनेक हिंदी रहिवासी आणि व्यापारी तटाबाहेर, एस्प्लनेडच्या पलीकडे जाऊन राहिले. राज्यकर्त्यांची आतली मुंबई आणि कष्टकऱ्यांची, कारागिरांची, व्यापाऱ्यांची बाहेरची मुंबई अशी विभागणी त्यामुळे अधिकच ठळक झाली.

४/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तटाचा उपयोग संपला होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर जमिनीवरून हल्ला करणारा प्रबळ शत्रू उरला नव्हता. खंदकातली घाण आणि आतली दाटी मात्र वाढत चालली होती. १८६२ मध्ये सर बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर झाले आणि तट पाडण्याच्या कामाला वेग आला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशांचा पूर लोटला. तट गेल्यामुळे जागा मोकळी झाली होती, कापसामुळे पैसा आला होता. आज ज्याला आपण जुनी दगडी मुंबई म्हणतो, तिची पायाभरणी या काळात झाली. फ्लोरा फाउंटन हे त्याच काळाचे अपत्य.

५/
हे कारंजे मुळात या चौकासाठी योजलेले नव्हते. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था तेव्हा भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स उभारत होती. पुढच्या पिढ्यांनी तिला राणीची बाग म्हटले; आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते. कारंजे या बागेत बसवायचे होते. रोमन पुराणकथांतली फ्लोरा ही फुलांची आणि वसंताची देवता कारंज्याच्या माथ्यावर का आली, याचा उलगडा यातून होतो. बागेसाठी घडवलेली देवी बागेत पोहोचलीच नाही. तटाच्या जागी तयार झालेल्या नव्या चौकात तिची स्थापना झाली.

६/
कारंज्याचे साल १८६४ असे सांगितले जाते. खर्च आला सुमारे ४७,००० रुपये. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. त्यांपैकी २०,००० रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. कारंज्याला गव्हर्नर फ्रियर यांचे नाव द्यायचे ठरले होते आणि जुन्या लिखाणात ‘फ्रियर फाउंटन’ असा उल्लेखही सापडतो. लोकांनी मात्र माथ्यावरच्या देवीचे नाव उचलले. गव्हर्नर विस्मरणात गेले, फ्लोरा राहिली. या चौकाच्या नावाबद्दल शेवटचा शब्द सरकारचा नसतो, याची ही पहिली खूण म्हणता येईल.

७/
कारंज्याचा आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा. पुढे लंडनमधील न्यू स्कॉटलंड यार्डची इमारत याच वास्तुविशारदाने रचली. कोरीवकाम जेम्स फोरसिथ या शिल्पकाराचे. दगड पोर्टलंडचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खाणीतला हा फिकट चुनखडी दगड लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रललाही वापरला आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या मुलखात हा पांढरा दगड जहाजातून आणला गेला. माथ्यावर फ्लोरा, खाली चार कोपऱ्यांत मानवी आकृती, शिंपल्यांची नक्षी आणि एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरणारे पाणी अशी त्याची रचना आहे. छायाचित्रकाराला हे कारंजे मोहात पाडते, त्याचे कारण ही उतरंड आहे. उन्हाची तिरीप जसजशी सरकते, तसतशा वेगवेगळ्या थरांवरच्या सावल्या बदलत जातात.

८/
कारंज्याला दगडाइतकीच पाण्याचीही गरज असते. मुंबईचा पाणीपुरवठा तोवर विहिरी आणि तळ्यांवर चाले. फ्लोरा फाउंटनपासून चालत काही मिनिटांवर, क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे. १७२५ साली एका पारशी गृहस्थाने खोदलेली ही विहीर समुद्र इतका जवळ असूनही गोड्या पाण्याची आहे आणि पारशी समाज तिला पवित्र मानतो. १८६० मध्ये विहार तलावाचे काम पूर्ण झाले आणि मुंबईला प्रथमच नळाचे पाणी मिळू लागले. त्यानंतर चारच वर्षांनी शहराच्या मध्यभागी पाणी उडवणारे कारंजे उभारले गेले. तहानेने हैराण होणाऱ्या बेटावर केवळ डोळ्यांच्या सुखासाठी पाणी खेळवणे म्हणजे नव्या नळयोजनेच्या यशाची जाहिरातच होती.

९/
दरवाजाची जागा आता चौकाची झाली. तटाला भगदाड पाडून बाहेर निघणाऱ्या जुन्या वाटेचा चर्चगेट स्ट्रीट झाला. आजचा वीर नरिमन रस्ता तो हाच. उत्तरेकडे हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रस्ता. एस्प्लनेड रोडचे नाव पुढे महात्मा गांधी रस्ता झाले. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि १९०७ मध्ये विजेच्या. १९६४ मध्ये ट्राम बंद होईपर्यंत या चौकातले रूळ आणि ट्रामची घंटा ही मुंबईकरांच्या रोजच्या आयुष्याचा भाग होती. गाव पाहायला आलेल्या पाहुण्याला ज्या मोजक्या जागा आवर्जून दाखवत, त्यांत हे कारंजे होते.

१०/
छायाचित्रणकला आणि हे कारंजे जवळपास एकाच पिढीतले. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेल्या आरंभीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळच्या काचेच्या पट्ट्यांवर चित्र उमटायला वेळ लागे. इमारत आणि पुतळा स्थिर असल्याने स्पष्ट येत. रस्त्यावरून चालणारा माणूस मात्र धूसर सावलीसारखा उमटे किंवा नाहीसाच होई. उडते पाणी धुक्यासारखे दिसे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील अनेक शहरचित्रांत दगडी मुंबई ठसठशीत आणि माणसांची मुंबई पुसट दिसते. हा दोष तंत्राचा होता. पण पाहणाऱ्याच्या मनात शहराची जी प्रतिमा ठसली, तीही तशीच.

११/
पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रमय पोस्टकार्डांचे पेव फुटले. फ्लोरा फाउंटन, ट्राम, घोडागाड्या आणि मागे दगडी इमारती हे दृश्य छापील कार्डांवरून जगभर गेले. ‘पूर्वेकडचे एक टापटिपीचे युरोपीय शहर’ अशी मुंबईची ओळख त्यातून तयार झाली. गिरण्यांच्या चिमण्या, चाळी आणि परळ-लालबागच्या गल्ल्या या कार्डांवर सहसा नसत. तट पडून अर्धशतक लोटले होते. तरी आतली मुंबई आणि बाहेरची मुंबई हा भेद चित्रांच्या चौकटीत कायम होता. बाहेरची मुंबई या चौकात येऊन उभी राहिली ती १९५५ मध्ये.

१२/
स्वातंत्र्यानंतर भाषावार प्रांतरचनेची मागणी देशभर जोर धरू लागली. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. ऑक्टोबर १९५५ मध्ये त्याचा अहवाल जाहीर झाला. त्यात विदर्भाचे वेगळे राज्य आणि उरलेल्या मराठी व गुजराती प्रदेशांचे मिळून द्विभाषिक मुंबई राज्य अशी शिफारस होती. इतर भाषकांना मिळाले ते मराठी भाषकांना नाकारले गेले, ही भावना तीव्र झाली. त्यावर काँग्रेसच्या कार्यकारिणीने नोव्हेंबर १९५५ मध्ये त्रिराज्य योजना पुढे केली : महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहराचे स्वतंत्र राज्य. म्हणजे महाराष्ट्र मिळेल, पण मुंबईवाचून. या योजनेने ठिणगी पडली.

१३/
२० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर स. का. पाटील आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, या आशयाच्या त्यांच्या वक्तव्यांनी लोक खवळले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, संप पुकारला गेला. गिरण्या बंद पडल्या. विधिमंडळाचे कामकाज तेव्हा फ्लोरा फाउंटनच्या दक्षिणेला असलेल्या कौन्सिल हॉलमध्ये चाले. आज त्या इमारतीत राज्य पोलीस मुख्यालय आहे. तिकडे जाण्यासाठी एका बाजूने बोरीबंदरकडून आणि दुसऱ्या बाजूने चर्चगेटकडून माणसांचे लोंढे निघाले. दोन्ही वाटा फ्लोरा फाउंटनपाशी मिळत होत्या. पोलिसांनी लोकांना तिथेच अडवले. लाठीमार झाला आणि अखेर गोळीबार. त्या दिवशी १५ माणसे मृत्युमुखी पडली.

१४/
इथे त्या जागेचा जुना इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. ज्या ठिकाणी एकेकाळी किल्ल्याचा दरवाजा रात्री बंद होत असे, त्याच ठिकाणी ९० वर्षांनंतर गिरणगावातून आलेल्या माणसांना थांबवले गेले. तट राहिला नव्हता, खंदक बुजला होता, दरवाजाच्या जागी फुलांची देवी उभी होती. तरी या शहरावर हक्क कोणाचा, हा प्रश्न सुटलेला नव्हता. मोर्चेकऱ्यांना त्या जागेचा हा पूर्वेतिहास ठाऊक असेलच असे नाही. सत्तेच्या इमारतींकडे जाणारी वाट जुन्या दरवाजावरूनच जात होती, एवढेच खरे.

१५/
दोन महिन्यांनी परिस्थिती अधिकच चिघळली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय आकाशवाणीवरून जाहीर केला. त्यानंतरच्या आठवड्यात गिरगावपासून लालबाग-परळपर्यंत ठिकठिकाणी गोळीबार झाले. मृतांचा आकडा नोव्हेंबरपेक्षा कितीतरी मोठा होता. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी या प्रश्नावर राजीनामा दिला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे यांच्यासारखे एरवी एकमेकांशी कडाडून भांडणारे नेते एका झेंड्याखाली आले. शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या डफाने मैदाने दणाणली.

१६/
नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, पण ते टिकणारे नव्हते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने आणि मुंबईने समितीला भरभरून मते दिली. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. या लढ्यात प्राण गमावलेल्यांचा १०५ हा आकडा मराठी माणसाच्या तोंडी बसला. पुढे त्या यादीत आणखी नावे जोडली गेली. त्यांत नामवंत पुढारी नव्हते. गिरणी कामगार, विद्यार्थी, घरातून कामासाठी बाहेर पडलेले तरुण अशी ती साधी माणसे होती. फ्लोरा फाउंटनच्या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले आणि कारंज्याजवळ मशालधारी शेतकरी-कामगाराचे स्मारक उभे राहिले. २१ नोव्हेंबरला आणि महाराष्ट्र दिनी तिथे पुष्पचक्रे वाहिली जातात.

१७/
नव्या राज्याने कारंजे हटवले नाही, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईतील राणीचे, राजांचे आणि गव्हर्नरांचे अनेक पुतळे चौकांतून हलवून राणीच्या बागेत किंवा संग्रहालयांच्या आवारात ठेवले गेले. फ्लोरा मात्र जागेवरच राहिली. ती कोणत्याही सत्ताधीशाची प्रतिमा नव्हती आणि तोवर ती पुरती मुंबईकर झाली होती. चौकाचे नाव बदलले आणि लोकांनी दोन्ही नावे ठेवून घेतली. भेटायची जागा सांगताना ‘फाउंटनपाशी’ म्हणणारा माणूस मोर्चाची हकिगत सांगताना ‘हुतात्मा चौक’ म्हणतो. एका जागेची दोन नावे एकाच तोंडात सहज नांदतात.

१८/
कारंज्याची दुर्दशा मात्र झाली, ती प्रेमापोटी म्हणावी लागेल. दगड पांढरा दिसावा, म्हणून त्यावर वेळोवेळी तैलरंगाचे थर चढवले गेले. चुनखडी दगड सच्छिद्र असतो. त्याने शोषलेला ओलावा बाहेर पडावा लागतो. रंगाच्या थराने ती वाट बंद होते, ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. त्यात भर पडली वाहनांच्या धुराची आणि समुद्राच्या खाऱ्या हवेची. बारीक कोरीवकाम रंगाखाली बुजले. आतल्या जलवाहिन्या निकामी झाल्या. अनेक वर्षे मुंबईचे सर्वांत प्रसिद्ध कारंजे कोरडे होते आणि छायाचित्रांतल्या फ्लोराच्या पायाशी पाण्याचा थेंबही नसे.

१९/
महापालिकेने अलीकडे त्याचा जीर्णोद्धार हाती घेतला. वास्तुजतन तज्ज्ञ विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली रंगाचे थर काढून मूळ दगड उघडा केला गेला, झिजलेले भाग सावरले गेले आणि जलवाहिन्या नव्याने बसवल्या गेल्या. जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुन्हा वाहू लागले. खोदकाम चालू असताना रस्त्याखाली जुन्या ट्रामचे रूळ सापडले. डांबराखाली अर्धशतक गाडला गेलेला एक काळ अनपेक्षितपणे वर आला आणि ते पाहायला मुंबईकरांनी गर्दी केली. या चौकात जरा खोल खणले की असे काहीतरी हाती लागतेच.

२०/
चौक पाहायला जाणाऱ्याने म्हणूनच एक छोटी फेरी करावी. पूर्वेकडे सेंट थॉमस कॅथीड्रल, म्हणजे ज्या चर्चमुळे दरवाजाला नाव मिळाले ती वास्तू. पश्चिमेकडे भिखा बेहराम विहीर. उत्तरेकडे दादाभाई नौरोजींचा पुतळा. पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग. सकाळी लवकर गेल्यास ऊन पूर्वेकडून तिरपे येते आणि पोर्टलंड दगडावरची नक्षी उठून दिसते. पाण्याचे तुषार टिपायचे तर कॅमेऱ्याचा वेग वाढवावा, पाणी धुक्यासारखे हवे तर तो मंदावावा. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकाराला ही निवड उपलब्ध नव्हती. त्याच्या काचेवरून माणसे आपोआप पुसली जात.

२१/
आजच्या कॅमेऱ्यातून माणूस आपोआप पुसला जात नाही. चौकटीत काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हे आता पाहणाऱ्याच्या हाती आहे. चार पावले मागे सरकून, थोडे बाजूला उभे राहिले की फुलांची देवी आणि मशालवाले शेतकरी-कामगार दोन्ही एका चित्रात येतात. एक शिल्प कापसाच्या पैशातून आले, दुसरे कापूस पिकवणाऱ्यांच्या आणि त्याचे कापड विणणाऱ्यांच्या बलिदानातून. मध्ये रस्ता आहे, वाहने आहेत, लोकल पकडायला निघालेली माणसे आहेत. हे चित्र पोस्टकार्डाइतके नेटके येणार नाही. पण १८६४ आणि १९५५ ही दोन्ही साले त्यात असतील.